लेपर्ड गेकोचं वजन आणि खाणं: गोव्याच्या हवेत काय सांभाळावं

लेपर्ड गेको हा अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातल्या कोरड्या, खडकाळ मुलखातला, पालीच्या जातीचा प्राणी. तिथे आज किडा मिळाला तर उद्या मिळेलच असं नाही, म्हणून तो चरबी शेपटीत साठवतो. घरात मात्र वाटी रोज भरलेली असते, त्यामुळे पाळलेल्या प्रौढ गेकोंमध्ये लठ्ठपणा सर्रास दिसतो. त्यातून यकृतावर चरबी चढते आणि आयुष्य घटतं. किती घालायचं हे त्याच्या भुकेवर सोडू नका, वजनकाट्यावर ठरवा.

वजन कसं करावं

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा चालतो. प्रौढासाठी १ ग्रॅमपर्यंत मोजणारा पुरे, पिल्लासाठी ०.१ ग्रॅमचा हवा. काट्यावर भरवसा नसेल तर दहा रुपयांची दोन नाणी ठेवून बघा. एक नाणं सुमारे ७.७ ग्रॅमचं असतं, म्हणजे काट्याने १५.४ च्या आसपास दाखवायला हवं.

झाकणाला भोकं पाडलेला प्लास्टिकचा डबा काट्यावर ठेवा, आकडा शून्यावर आणा आणि मग गेकोला आत सोडा. त्याला शेपटीने कधीही उचलू नका, ती तुटते. वजन नेहमी खाण्याआधी करा, शी होऊन गेल्यावर केलं तर उत्तम. पिल्लाचं आठवड्याला, प्रौढाचं महिन्याला एकदा करून वहीत तारखेसह लिहा.

अंड्यातून बाहेर येताना पिल्लू जेमतेम ३ ग्रॅमचं असतं. बहुतेक प्रौढ ५० ते ८० ग्रॅममध्ये बसतात, मोठ्या वाणाचे १०० च्याही वर जातात. म्हणून दुसऱ्याच्या गेकोशी तुलना करू नका, आपल्याच वहीतला चढउतार बघा. काही आठवड्यांत दहा टक्के वजन उतरलं, म्हणजे ६० चा ५४ झाला, तर कारण शोधायलाच हवं.

शेपटी आणि काख बघा

निरोगी गेकोच्या शेपटीचा सर्वांत जाड भाग साधारण मानेइतका असतो. शेपटी डोक्यापेक्षा रुंद झाली, पुढच्या पायांच्या काखेत फुगवटे आले आणि चालताना पोट जमिनीला घासू लागलं, तर तो लठ्ठ आहे. शेपटी काडीसारखी झाली आणि कंबरेची हाडं वर दिसू लागली, तर खंगला आहे. शेपटी एकदा तुटून नव्याने आली असेल तर हे माप फसवतं, कारण नवी शेपटी मुळातच आखूड आणि फुगीर असते. अशा गेकोची काख आणि कंबर बघा.

काय आणि किती

गेको फक्त किडे खातो. भाजी, फळ, उकडलेलं अंडं, माशाचा किंवा सुंगटाचा तुकडा यातलं काहीही देऊ नका. रातकिडे आणि डुबिया झुरळं हा रोजचा आहार, मीलवर्म नावाच्या अळ्या अधूनमधून. सुपरवर्म आणि वॅक्सवर्म या अळ्यांमध्ये चरबी जास्त, त्या क्वचितच द्याव्यात. किडा गेकोच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा रुंद नको.

चार महिन्यांपर्यंतच्या पिल्लाला रोज ५ ते ७ छोटे किडे द्या, वर्षापर्यंत एक दिवसाआड आणि प्रौढाला आठवड्यातून दोनदा ५ ते ७. वेळ दिवेलागणीनंतरची. पंधरा-वीस मिनिटांत न खाल्लेले किडे काढून घ्या, कारण उपाशी रातकिडे झोपलेल्या गेकोला चावतात.

किड्यांना आदल्या दिवशी गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला खायला घाला. किड्यांमध्ये फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी असतं, म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत चिमूटभर कॅल्शियमची पूड घालून किडे त्यात हलवून मगच द्या. ही पूड चुकवली तर हाडं मऊ पडतात, जबडा वाकतो, पाय थरथरतात. डी-३ जीवनसत्त्व आणि मल्टिव्हिटॅमिन डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच द्या, जास्त झालं तर अपाय होतो. पावसाळ्यात पुडीचे गोळे होतात, ती घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. मीलवर्म ज्यात ठेवतात त्या कोंड्यावर बुरशी आली तर तो सगळा टाकून द्या.

बाहेर पकडलेले किडे नकोत. शेता-बागायतीतल्या किड्यांवर फवारणी झालेली असू शकते. काजवे तर गेकोसाठी थेट विष आहेत, एकही जिवावर बेतू शकतो. पावसाच्या तोंडावर झाडं काजव्यांनी उजळतात, तेव्हा गेकोच्या पेटीजवळची खिडकी रात्री बंदच ठेवा.

ऊब नसेल तर खाणं नको

पोटाखाली ३२ अंशांच्या आसपास ऊब असेल तरच पचन होतं. हीट मॅटला, म्हणजे विजेवर तापणाऱ्या चटईला, तापमान आपोआप राखणारा थर्मोस्टॅट लावा आणि त्याचा प्रोब (तापमान मोजणारं टोक) प्रत्यक्ष उबदार जागेवरच ठेवा. पेटीची दुसरी बाजू थंड ठेवा, म्हणजे गेको स्वतः जागा निवडतो. पावसात वीज गेली की खाणं थांबवा. पोटातला किडा पचला नाही तर तो कुजतो, गेको ओकतो. वीज परत येऊन जागा नीट तापली की मग खाऊ घाला.

गेकोला ३० ते ४० टक्के आर्द्रता पुरते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ती याच्या दुपटीवर असते. पेटीला दोन बाजूंनी जाळी ठेवा. कात टाकण्यासाठी ओल्या काथ्याचा एकच छोटा डबा द्या, बाकी जमीन कोरडी. समुद्राची वाळू आणून पसरू नका. किड्याबरोबर ती गिळली जाते आणि आतडं तुंबतं. साधी फरशी किंवा टिश्यू पेपर बरा. मुंग्या येत असतील तर पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा.

चवथीला चार-पाच दिवस मूळ घरी जायचं असेल तर धडधाकट प्रौढ गेको खाण्याविना सहज राहतो. निघताना किडे सोडून ठेवू नका, फक्त पाणी बदलायला शेजाऱ्याला सांगा. पिल्लाला मात्र रोज बघणारा माणूस हवा.

वजन बिघडलं तर

लठ्ठ गेकोला उपाशी ठेवू नका, झपाट्याने वजन उतरलं तरी यकृत बिघडतं. चरबीचे किडे बंद करा, खाणं पाच दिवसांतून एकदा करा आणि किडे चिमट्याने फिरवत त्याला चालायला लावा.

वजन उतरत असेल तर आधी तापमान तपासा. कात टाकण्याआधी दोन-चार दिवस आणि विणीच्या काळात भूक मंदावते, ते ठीक. पण शेपटी बारीक होत चालली आणि शी पातळ असेल तर जंत किंवा आतड्याचा संसर्ग असू शकतो. सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेला पशुवैद्य आधीच फोन करून शोधा. जाताना वजनाची वही आणि त्याच दिवशीच्या शीचा नमुना छोट्या डबीत घेऊन जा.