मित्राला मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायचं असेल तर

बडोद्यात शिकणाऱ्या मुलांना डॉक्टरपेक्षा कारेलीबागेतल्या मानसिक रुग्णालयाच्या फाटकात कुणी ओळखीचं भेटेल, याची जास्त धास्ती असते. म्हणून आधी सयाजी हॉस्पिटलची मानसोपचार ओपीडी सुचवा. तिथे सगळ्याच आजारांचे पेशंट असतात. तेही जड वाटलं तर १४४१६, म्हणजे टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी फोन हेल्पलाइन: फुकट, चोवीस तास, मराठीतही.

बोलताना "तुला डिप्रेशन आलंय" असं निदान ठोकू नका. दिसलं तेवढंच सांगा: "दोन आठवडे मेसमध्ये दिसला नाहीस. झोप लागते का रे?" मग गप्प बसा. हे गप्प बसणंच अवघड. बहुतेक जण लगेच "टेन्शन नको घेऊस" म्हणतात आणि विषय तिथेच संपतो.

"घरी कळलं तर? लग्न कसं जमणार?" ही भीती हसण्यावारी नेऊ नका. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिलाय, हे सांगा. मात्र जीव द्यायची भाषा निघाली, तर गुपित कसलं पाळताय? त्याला एकटं सोडू नका, १०८ लावा.

डिप्रेशनच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. मळमळ मात्र सुरुवातीलाच होऊ शकते. गोळ्या सुटतात त्या इथेच. मनाने बंद करायच्या नाहीत, आधी डॉक्टरला विचारायचं.