पहिल्या प्लेटेस्टपूर्वीची तयारी: मे १९३० च्या सोलापूरवरील रोलप्लेइंग गेमसाठी

टेबलाभोवती बसून, प्रत्येकाने एकेक पात्र होऊन गोष्ट पुढे नेत खेळायचा रोलप्लेइंग गेम जो स्वतः रचतो आहे, त्याने प्लेटेस्टची, म्हणजे खेळ प्रत्यक्ष खेळवून पाहण्याच्या चाचणी-बैठकीची, तारीख ठरवण्याआधी या बैठकीतून नेमके काय कळायला हवे ते एका वाक्यात कागदावर उतरवलेले असावे. ‘खेळ कसा वाटतो ते पाहू’ एवढ्याने भागत नाही. चार माणसांनी रविवारची दुपार दिली आणि सर्वांनी ‘छान झाला’ म्हटले, तरी तेवढ्यावरून नियमपुस्तिकेतील एकही ओळ सुधारता येत नाही. ‘पात्र अर्ध्या तासात तयार होते का’, ‘फासे विरुद्ध पडले की गोष्ट पुढे जाते की अडते’, ‘दुसऱ्या दिवसाच्या अंकात सूत्रधाराने (गोष्ट मांडून खेळ चालवणाऱ्याने) काय करायचे ते पुस्तिका वाचून कळते का’, असे प्रश्न उपयोगाचे असतात, आणि एका बैठकीला त्यांतला एकच घ्यावा. बाकीची तयारी या प्रश्नाच्या मागोमाग येते.

आमच्या गटाचा खेळ मे १९३० च्या सोलापुरात घडतो, म्हणून तयारीतले दुसरे काम इतिहासाचे आहे. ५ मे रोजी महात्मा गांधींना अटक झाली, शहरात असंतोष उसळला, ८ मे रोजी गोळीबार झाला आणि १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला. मधले ९, १० आणि ११ मे हे तीन दिवस ब्रिटिश सत्तेचा अंमल शहरावर उरला नव्हता, ही आठवण सोलापूर आजही अभिमानाने सांगते. त्या तीन दिवसांचे तीन अंक खेळाला आयते मिळतात. मात्र सूत्रधाराच्या हाती पडणाऱ्या इतिहासाच्या पानावर तीन भाग स्पष्ट वेगळे हवेत: कागदोपत्री नोंदलेले, शहरात ऐकिवात असलेले आणि आम्ही खेळासाठी रचलेले. सोलापुरात हा खेळ मांडला, की टेबलावरच्या एखाद्याच्या पणजोबांनी ते दिवस पाहिलेले असण्याची शक्यता खरी आहे. त्याच्यासमोर रचलेला प्रसंग इतिहास म्हणून ठेवणे अन्यायाचे ठरेल.

मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चार हुतात्म्यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. ते या खेळात खेळाडूंची पात्रे नाहीत आणि सूत्रधारानेही त्यांच्या तोंडी संवाद घालायचे नाहीत, ही सूचना पुस्तिकेच्या पहिल्या पानावर ठळक छापलेली आहे का, हे छपाईपूर्वी तपासावे. ज्यांचे प्राण खरोखर गेले, त्यांचे भवितव्य फाशांवर सोपवण्याचा अधिकार आम्हाला नाही, असे माझे ठाम मत आहे. खेळाडूंची पात्रे गिरणीतला जॉबर (मुकादम), टांगेवाला, टपाल वाटणारा शिपाई, विडी वळणारी स्त्री अशी साधी आणि काल्पनिक असावीत. चित्रांवरही याच दृष्टीने एकदा नजर फिरवावी, कारण १९३० सालच्या मिरवणुकीतील झेंड्यावर चरखा असतो, अशोकचक्र नव्हे, आणि पट्ट्यांचा तेव्हाचा पांढरा, हिरवा, तांबडा क्रमही आजच्या तिरंग्याहून निराळा आहे.

पहिल्याच पानावर आणखी एक गोष्ट असायला हवी, आणि माझ्या दृष्टीने खेळाच्या रचनेतला हाच सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे: १२ मे टळणार नाही, हे खेळाडूंना खेळ सुरू होण्यापूर्वीच सांगायचे. लष्कर येणारच आहे. तोवर कोणाला लपवायचे, कोणता कागद जाळायचा, कोणत्या शेजाऱ्यावर विश्वास टाकायचा, एवढेच पात्रांच्या हाती आहे. हे लपवून ठेवले तर खेळाडू आपली सारी बुद्धी मार्शल लॉ रोखण्यावर खर्च करतात, आणि शेवटी आपण फसवलो गेलो ही भावना त्यांच्या मनात राहते. म्हणून आमच्या पहिल्या बैठकीचा प्रश्न असा आहे: पहिले पान वाचल्यानंतरही कोणी इतिहास रोखण्याचा प्रयत्न करतो का, आणि करत असेल तर पुस्तिकेतल्या कोणत्या वाक्याने त्याला ती आशा दाखवली?

नियमांच्या बाबतीत, बैठकीपूर्वी फाशांचे गणित हाताने करून पाहावे. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या डन्जन्स अँड ड्रॅगन्स या रोलप्लेइंग गेमपासून अनेक बाजूंचे फासे ही या छंदाची ओळख झाली असली, तरी वीस बाजूंचा फासा मुद्दाम मागवावा लागतो आणि लुडोचे सहा बाजूंचे फासे घरोघरी असतात. आमचा खेळ त्यामुळे दोन साध्या फाशांवरच चालतो. बेरीज दहा किंवा अधिक आली तर पूर्ण यश, सात ते नऊ आली तर काहीतरी गमावून मिळालेले यश आणि सहा किंवा कमी आली तर अपयश. ही मांडणी २०१० सालच्या अपोकॅलिप्स वर्ल्ड या खेळामुळे स्वतंत्र रचनाकारांमध्ये रूढ झाली. दोन फासे ३६ प्रकारे पडू शकतात. बेरजेत काहीच मिळवायचे नसेल तर त्यांपैकी १५ वेळा अपयश, १५ वेळा अर्धे यश आणि फक्त ६ वेळा पूर्ण यश येते. एक मिळवला की हेच आकडे १०, १६ आणि १० होतात. दोन मिळवले की ६, १५ आणि १५. एका गुणाने खेळाचा स्वभाव किती पालटतो, हे तक्ता डोळ्यांसमोर असल्याशिवाय ध्यानात येत नाही. ज्या खेळात ३६ पैकी १५ वेळा अपयश येणार, त्यात अपयशानेही काही घडले पाहिजे. ‘दार उघडत नाही’ येथे गोष्ट थांबते. ‘दार उघडते, पण गल्लीच्या तोंडाशी कंदील घेऊन कोणीतरी उभे आहे’ येथे ती पुढे जाते. प्रत्येक कृतीच्या नियमाखाली अशा अपयशाची किमान दोन उदाहरणे लिहिलेली आहेत का, हे नियम एकेक वाचून तपासावे आणि जिथे ती सुचत नाहीत तो नियम सरळ काढून टाकावा.

पुस्तिका ए-फोर कागद मधोमध दुमडून करायची असेल, तर पानांची संख्या चारच्या पटीत बसवावी. मजकूर युनिकोडमध्ये टंकलेला असावा, मुक्तासारखा मुक्त परवान्याचा फॉन्ट वापरावा आणि झेरॉक्सच्या दुकानात फॉन्ट एम्बेड केलेली (फाईलमध्येच समाविष्ट असलेली) पीडीएफच न्यावी; वर्डची फाईल दुसऱ्या संगणकावर उघडली की मांडणी हलते आणि तक्ते मोडतात. प्रत्येक पानाच्या तळाशी आवृत्तीचा क्रमांक व तारीख छापावी, कारण एकाच टेबलावर दोन वेगळ्या आवृत्त्यांच्या प्रती आल्या तर त्या दिवशीच्या नोंदींना अर्थ उरत नाही. कॅरेक्टर शीटवरील, म्हणजे खेळाडूने आपल्या पात्राची माहिती लिहायच्या कागदावरील, ओळींमध्ये साधारण एक सेंटिमीटर अंतर ठेवावे. इंग्रजी खेळांतली शीटे पाहून आखलेल्या ओळी मराठी हस्ताक्षराला अपुऱ्या पडतात. वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत अडकतात.

भाषेची तयारी सोलापुरात वेगळी करावी लागते. ज्याचे शिक्षण मराठीत झाले, त्याच्या घरी तेलुगू, कन्नड किंवा दखनी बोलली जात असणे हे येथे रोजचेच आहे, आणि खेळ रंगला की माणूस घरच्या भाषेत शिरतो. त्याला थांबवू नये. एखादा खेळाडू शेजाऱ्याला नियम तेलुगूत समजावून सांगू लागला, तर तो नियम पुस्तिकेत कोणत्या पानावर आहे ते लगेच टिपून ठेवावे आणि त्याने काय सांगितले ते नंतर विचारून घ्यावे. पुष्कळदा त्याचे वाक्य आपल्या छापील वाक्याहून आखूड आणि नेमके असते, आणि पुढच्या आवृत्तीत तेच मराठीत घालावे.

खेळाडू निवडताना पहिल्या बैठकीला मित्र चालतील. पुढच्या बैठकींना असे लोक हवेत, ज्यांना आपली भीड नाही. चार खेळाडू आणि एक सूत्रधार ही संख्या बरी. निमंत्रण देतानाच विषय सांगावा: गोळीबार, अटक, शोधाशोध आणि भीती. बैठकीच्या सुरुवातीची पंधरा मिनिटे कोणते प्रसंग टेबलावर अजिबात आणायचे नाहीत हे विचारण्यासाठी राखून ठेवावीत, आणि जॉन स्टाव्ह्रोपोलस यांनी सुचवलेले एक्स-कार्ड मध्यभागी ठेवावे. त्याला कोणीही हात लावला की तो प्रसंग कारण न विचारता सोडून द्यायचा. ज्या शहराच्या आठवणीत हा काळ जिवंत आहे, तेथे मला ही व्यवस्था ऐच्छिक वाटत नाही.

वेळ व जागा यांबद्दल थोडक्यात. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांच्या गड्ड्याचे (यात्रेचे) दिवस टाळावेत, तेव्हा कोणालाच तीन तास सलग मिळत नाहीत. उन्हाळ्यात बैठक सकाळी लवकर घ्यावी, कारण दुपारी कूलर लावला की त्याच्या आवाजात सूत्रधारही ऐकू येत नाही आणि ध्वनिमुद्रणही वाया जाते. फासे पडतात तेथे सोलापुरी टॉवेल घडी घालून अंथरावा, म्हणजे खडखडाट मुद्रणात येत नाही. मुद्रणाची परवानगी सर्वांकडून आधी घ्यावी. खाणे मध्यंतरात, टेबलापासून दूर. शेंगाचटणीच्या तेलाने शीटवरची पेन्सिल उमटेनाशी होते.

प्रत्यक्ष बैठकीत रचनाकाराने सूत्रधार होऊ नये. सूत्रधाराला पुस्तिका चार दिवस आधी द्यावी आणि त्या चार दिवसांत तिच्याबद्दल एक शब्दही बोलू नये. बैठकीच्या दिवशी रचनाकार भिंतीलगत वही घेऊन बसतो आणि कोणी काही विचारले तर ‘पुस्तिकेत पाहा’ एवढेच म्हणतो. हे फार अवघड आहे, कारण आपण रचलेला नियम डोळ्यांदेखत चुकीचा वाचला जात असताना गप्प राहावे लागते. पण आपण तोंडाने भरून काढलेली प्रत्येक उणीव पुस्तिकेत तशीच राहते, आणि ज्या टेबलावर आपण कधीच नसू, तेथे ती उघडी पडते. वहीत चार रकाने आधीच आखावेत: वेळ, पान, विचारलेला प्रश्न आणि खेळाडूने प्रत्यक्षात काय केले. स्वतःचे मत त्या वहीत लिहू नये.

खेळानंतरच्या प्रश्नांचा कागद आधीच छापून न्यावा. ‘मजा आली का’ हा प्रश्न त्यात नसावा. पाहुणचाराच्या संकोचाने त्याचे उत्तर नेहमी होकारार्थी येते. ‘कोणत्या क्षणी काय करावे ते सुचेनासे झाले’, ‘तुमच्या पात्राला शेवटी काय हवे होते’, ‘कोणता नियम तुम्ही वापरलाच नाही’ एवढे तीन पुरेत. उत्तरे आधी लिहून घ्यावीत आणि मग चर्चा करावी, नाहीतर पहिला बोलणारा बाकीच्यांची मते घडवतो. खेळाडूंनी सुचवलेले उपाय ऐकून घ्यावेत, परंतु उतरवून घेताना उपायापेक्षा अडचणीला अधिक जागा द्यावी. दोन बैठकींच्या मध्ये एकच बदल करावा. तीन केले तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

अनोळखी सूत्रधार आणि अनोळखी खेळाडू असलेल्या लागोपाठ दोन टेबलांवर नियमांविषयी नवा प्रश्न उपस्थित झाला नाही, म्हणजे नियमांची चाचणी संपली असे समजावे आणि पुस्तिका मुद्रितशोधनाकडे द्यावी. त्यावेळी श्रेयनामावलीसाठी प्रत्येक खेळाडूला विचारावे की त्याचे नाव छापायचे आहे का आणि ते देवनागरीत तो स्वतः कसे लिहितो, कारण तेलुगू व कन्नड आडनावांचे मराठी लेखन घरागणिक बदलते आणि ते त्या घराच्या पद्धतीनेच छापले गेले पाहिजे.