विलीनीकरणाच्या नव्या नियमांबाबत स्पर्धा आयोगाने उद्योजकांना कसे मार्गदर्शन करावे

१० सप्टेंबर २०२४ पासून विलीनीकरण-तपासणीचे, म्हणजे कंपन्यांच्या मोठ्या खरेदी-विलीनीकरणाला आगाऊ मंजुरी देण्याचे, नियम बदलले आहेत. भारतीय स्पर्धा आयोगाने मराठवाड्यातील उद्योजकांना ते समजावताना प्रथम कोणाला अर्ज करावा लागत नाही हे सांगावे. विकल्या जाणाऱ्या उद्योगाची देशातील मालमत्ता ४५० कोटींपेक्षा किंवा उलाढाल १,२५० कोटींपेक्षा जास्त नसेल, तर एरवी सूट मिळते, आणि दोहोंपैकी एक अट पुरी झाली तरी भागते. वाळूजच्या बहुतेक कारखानदारांची चिंता एवढ्यानेच मिटेल.

मात्र सौद्याचे मूल्य २,००० कोटींच्या वर गेले आणि त्या उद्योगाचा भारतात भरीव कारभार असला, तर ही सूट मिळत नाही. म्हणून आयोगाने रुपयांत सोडवलेली उदाहरणे मराठीतून द्यावीत. समजा, जालन्याच्या बियाणे कंपनीचे समभाग १,९०० कोटींना विकले आणि मालकाने पुन्हा त्याच धंद्यात न उतरण्यासाठी आणखी १५० कोटी घेतले. सौदा २,०५० कोटींचा धरला जातो. कलमांचा नुसता अनुवाद वाचून हे कोणाच्या लक्षात येणार नाही.

‘ग्रीन चॅनेल’बाबत अधिक सावधपणे सांगावे. दोन्ही बाजूंचे धंदे एकमेकांशी कुठेच जोडलेले नसतील, तर या वाटेने अर्ज दाखल होताच मंजुरी मानली जाते, हे ऐकायला गोड आहे. पण खरेदीदार जिनिंगवाला असेल आणि विकली जाणारी गिरणी सरकीचे तेल काढत असेल, तर एकाची सरकी हा दुसऱ्याचा कच्चा माल ठरतो आणि ही वाट बंद होते. खरेदीदाराचा दहा टक्के हिस्सा असलेली भावाची कंपनीही येथे खरेदीदाराच्या बाजूने मोजली जाते, हे कौटुंबिक उद्योगांना आवर्जून सांगायला हवे.

सौद्याने स्पर्धेला बाधा येईल का, या आयोगाच्या प्राथमिक मतासाठी आता ३० दिवस आणि संपूर्ण तपासणीसाठी २१० ऐवजी १५० दिवसांची मुदत आहे. मुदत आखडल्यामुळे अपुरा अर्ज अधिक महागात पडतो. त्यामुळे अर्जात नेहमी राहणाऱ्या त्रुटींची यादी आयोगाने प्रसिद्ध करावी आणि अर्जापूर्वीचा सल्ला दूरदृश्य पद्धतीने सहज मिळू द्यावा. केवळ शंका विचारण्यासाठी दिल्ली गाठावी लागू नये.

मंजुरीपूर्वी काय करू नये, हेही उदाहरणासह लिहावे: खरेदीदाराच्या माणसाने विक्रेत्याच्या दर ठरवण्याच्या बैठकीत बसू नये, ग्राहकांची यादी मागू नये, की कारखान्याचा ताबा घेऊ नये. दंड एकूण उलाढाल, मालमत्ता किंवा सौद्याचे मूल्य यांपैकी सर्वाधिक रकमेच्या एक टक्क्यापर्यंत होऊ शकतो.