द्वेषाला दिलेले उत्तर लागू पडते का, हे कसे तपासावे

समाजमाध्यमांवरील द्वेषाला उत्तर देणारी माणसे आपल्याकडे पुष्कळ आहेत. मात्र त्या उत्तराने द्वेष कमी झाला की नाही, हे मोजणारे फार थोडे आहेत. महाविद्यालयातील एखादा गटही हे काम करू शकतो, फक्त ते शिस्तीने करावे लागते.

आधी व्याख्या लेखी ठरवावी. एखाद्या पुढाऱ्याला हासडलेली शिवी आणि जात, धर्म, प्रांत किंवा लिंग यांवरून अख्ख्या समूहाचे माणूसपण नाकारणारे वाक्य यांची एकत्र मोजदाद केली, तर पुढचे सगळे आकडे निरुपयोगी ठरतात. पुण्याच्या एल-थ्री-क्यूब या भाषातंत्रज्ञान-संशोधन गटाने २०२२ साली खुला केलेला ‘महाहेट’ हा २५ हजारांहून अधिक मराठी ट्वीटांचा संच त्यासाठी पाहावा. त्यात द्वेषमूलक, अवमानकारक, शिवराळ आणि यांपैकी काहीच नसलेला, असे चार वर्ग आहेत. वर्गवारी किमान दोघांनी एकमेकांना न विचारता करावी आणि त्यांतील एक जण शक्यतो लक्ष्य झालेल्या समाजातला असावा, कारण मराठीतला जातीय टोमणा पुष्कळदा एकाही वाईट शब्दाशिवाय, केवळ आडनावाच्या उल्लेखातून मारला जातो आणि ज्याला तो कधी सोसावा लागलेला नाही, त्याच्या नजरेतून तो सहज निसटतो.

खरी कसोटी तुलनेत आहे. द्वेषमूलक मजकूर लिहिणारी खाती चिठ्ठ्या टाकून गटांत विभागावीत, प्रत्येक गटाला वेगळ्या धर्तीचे उत्तर द्यावे आणि एका गटाला काहीच उत्तर देऊ नये. तसा गट नसेल, तर लिहिणारा आपल्यामुळे थांबला की आपोआप कंटाळला, हे सांगता येत नाही. स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या, १,३५० ट्विटर-वापरकर्त्यांवरील प्रयोगात सहानुभूती जागवणारे, विनोदी आणि परिणामांची जाणीव देणारे, अशी तीन प्रकारची उत्तरे तपासली. त्यांपैकी सहानुभूतीच्या उत्तरानेच जुना मजकूर काढून टाकण्याचे प्रमाण वाढले आणि पुढील चार आठवड्यांत नवा द्वेष घटला, तोही थोडाच. उत्तर कोण देतो, यानेही फरक पडतो. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ केविन मंगर यांच्या २०१७ च्या ट्विटरवरील अभ्यासात वर्णद्वेषी शिवी वापरणाऱ्या गोऱ्या पुरुषांवर ठळक परिणाम झाला, तो भरपूर अनुयायी असलेल्या आणि गोऱ्या पुरुषाचे भासणाऱ्या खात्याने समज दिल्यावरच.

संशोधनासाठी स्वतः द्वेष पसरवू नये, संस्थेच्या नीतिसमितीची परवानगी आधी घ्यावी आणि उत्तर देणाऱ्या विद्यार्थ्यांची ओळख जपावी. थेट धमकी आढळल्यास स्क्रीनशॉट व दुवा जतन करून सायबर पोलिसांकडे तक्रार करावी. अहवालात निष्फळ ठरलेल्या उत्तरांचीही पूर्ण नोंद द्यावी, म्हणजे पुढचा गट त्यांवर पुन्हा वर्ष घालवणार नाही.