सर्व्हेच्या रिपोर्टमध्ये अवघड फिल्टर कसे लावायचे (आणि चुकलेला आकडा कसा पकडायचा)

सर्व्हेचा डेटा हातात आला की सुरुवातीला सगळं सोपं वाटतं, ड्रॉपडाउन उघडला, एक पर्याय निवडला, चार्ट बदलला, झालं. मग कुणीतरी विचारतं की "ॲप किंवा वेबसाइट वापरणारे तरुण, पण जे खूश नाहीत, तेवढेच दाखव ना" आणि तिथे ड्रॉपडाउनचं काम संपतं. पुढे अटी जोडायच्या, कंस लावायचे, आणि वैताग असा की यात चुकलात तरी सॉफ्टवेअर अवाक्षर काढत नाही. फॉर्म्युला चुकला तर निदान एरर येते, फिल्टर चुकला की नुसता आकडा येतो, आणि तो दिसायला अगदी शहाणासुरता असतो.

म्हणून छोटं उदाहरण धरून चालू, म्हणजे प्रत्येक पायरीला आकडा जुळवून बघता येईल. समजा 100 जणांनी सर्व्हे भरलाय. 60 जण ॲप वापरतात, 50 जण वेबसाइट, आणि यातले 25 जण दोन्हीकडे मोजले गेलेत. म्हणजे काहीतरी एक वापरणारे झाले 85, काहीच न वापरणारे 15.

सगळ्यात आधी काय हवंय ते साध्या वाक्यात लिहून काढा, कागदावर लिहा नाहीतर मोबाइलमध्ये, पण लिहा. आणि लिहिलंत की त्यातल्या 'आणि' वर संशय घ्या. आपण बोलताना सर्रास म्हणतो "ॲपवाले आणि वेबसाइटवाले, सगळ्यांचे आकडे दे". हा 'आणि' ऐकून तुम्ही फिल्टरमध्ये अँड लावला तर हातात 25 जण येणार, कारण अँडला दोन्ही गोष्टी एकाच माणसात हव्या असतात. तिथे हवा होता ऑर, म्हणजे 85. मी काय करतो, डेटातली कुठलीही एक ओळ डोळ्यासमोर आणतो आणि विचारतो, या एका माणसाला आत घ्यायला दोन्ही अटी खऱ्या हव्यात का एक पुरेल? दोन्ही तर अँड, एक पुरेल तर ऑर.

आता कंस. मागणी आहे 18 ते 34 वयाचे, जे ॲप किंवा वेबसाइट वापरतात. घाईत लिहिलं जातं असं (1 म्हणजे वापरतो, 0 म्हणजे नाही): ॲप = 1 ऑर वेबसाइट = 1 अँड वय 18 ते 34. वाचायला बरोबर वाटतं ना? पण एसक्यूएल (डेटाबेसमधून डेटा काढायची भाषा) असो नाहीतर बहुतेक रिपोर्टिंग टूल्स, आधी अँड सोडवतात मग ऑर, जसं गणितात आधी गुणाकार मग बेरीज. त्यामुळे याचा अर्थ होतो "ॲपवाले कुठल्याही वयाचे, शिवाय वेबसाइटवाले फक्त तरुण". आपल्या डेटात ॲपवाल्यांमध्ये तरुण 35, वेबसाइटवाल्यांमध्ये 20, दोन्ही वापरणारे तरुण 10. खरं उत्तर 35 अधिक 20 वजा 10, म्हणजे 45. कंस नसलेला फिल्टर देणार 70, कारण सगळे 60 ॲपवाले आत घुसले आणि वर 10 तरुण फक्त वेबसाइटवाले. रिपोर्टवर 'तरुण' असं हेडिंग आणि आत 25 जण 34 च्या पुढचे किंवा 18 च्या आतले! म्हणून ऑरचा गट नेहमी कंसात टाका, गरज नसली तरी टाका, नुकसान काही नाही.

एक्सेल किंवा गूगल शीट्समध्ये फिल्टर फंक्शन वापरत असाल तर तिथे हे अगदी उघड दिसतं, अँडसाठी गुणाकाराची खूण आणि ऑरसाठी अधिकची. खरं-खोट्याच्या अशा लॉजिकला 'बुलियन' म्हणतात, तो शब्द ज्याच्या नावावरून आला त्या गणितज्ञ जॉर्ज बूलनेसुद्धा 'आणि' गुणाकारासारखाच मांडला होता, त्यामुळे ही काही नवी युक्ती नाही.

एक्सेलचा जुना ॲडव्हान्स्ड फिल्टर वापरणाऱ्यांसाठी वेगळी गंमत आहे. तिथे अटींचा छोटा तक्ता बनवायचा असतो, एकाच ओळीत लिहिलेल्या अटी म्हणजे अँड, खालच्या नव्या ओळीत लिहिली की ऑर. आपल्या उदाहरणात पहिल्या ओळीत वय 18 किंवा जास्त, वय 34 किंवा कमी (म्हणजे वय हे हेडिंग दोनदा येणार), ॲप 1. दुसऱ्या ओळीत वेबसाइट 1, आणि वयाच्या दोन्ही अटी परत लिहायच्या, इथेच लोक विसरतात. आणि तक्ता निवडताना खाली एक रिकामी ओळ चुकून आत आली तर सगळेच्या सगळे 100 जण पास, कारण रिकामी ओळ म्हणजे अटच नाही.

पॉवर बीआयमध्ये (मायक्रोसॉफ्टचं रिपोर्टिंग टूल) एका फील्डच्या, म्हणजे कॉलमच्या, ॲडव्हान्स्ड फिल्टरमध्ये दोनच अटी बसतात, आणि वेगवेगळ्या फील्डवर लावलेले फिल्टर आपोआप अँडने जोडले जातात. वेगवेगळ्या फील्डमध्ये ऑर हवा असेल तर भांडत बसू नका, एक नवा कॉलम बनवा, त्यात पूर्ण लॉजिक कंसांसकट लिहा, निकाल 1 नाहीतर 0, आणि फिल्टर फक्त त्या कॉलमवर लावा. खरं सांगायचं तर टूल कुठलंही असो, मी हेच करतो, कारण कॉलम उघडून ओळीओळीने तपासता येतो.

नकाराचा भाग सगळ्यात फसवा. "ॲप आणि वेबसाइट दोन्ही वापरत नाहीत असे लोक" म्हटलं की आपल्या डोक्यात येतात काहीच न वापरणारे 15. पण फिल्टरमध्ये नॉट (ॲप अँड वेबसाइट) लिहिलंत तर येतात 75, म्हणजे दोन्ही एकदम वापरणारे 25 सोडून बाकी सगळे. 15 हवे असतील तर ॲप = 0 अँड वेबसाइट = 0. नॉट कंसाच्या आत शिरला की अँडचा ऑर होतो आणि ऑरचा अँड, हा डी मॉर्गनचा नियम, एवढा लक्षात ठेवा.

आणि नकारासोबत येतात रिकाम्या जागा. "परत वापराल का?" याला 50 जण हो म्हणाले, 30 नाही, 20 जणांनी उत्तरच दिलं नाही. फिल्टर लावला 'ज्यांचं उत्तर हो नाही ते'. एसक्यूएल 30 देणार, कारण रिकाम्या जागेची, म्हणजे तिथल्या भाषेत 'नल'ची, तुलना ना खरी ना खोटी, ती ओळ गळते. आर या आकडेमोडीच्या भाषेतल्या डीप्लायर पॅकेजचा फिल्टरही तसाच. एक्सेल मात्र 50 देणार, आणि पायथन भाषेतली डेटा हाताळायची लायब्ररी पांडाजही 50. एकच डेटा, एकच अट, दोन उत्तरं! माझा एकदा याच्यावर अख्खा दिवस गेलाय, सहकाऱ्याचा आकडा वेगळा, माझा वेगळा, आणि दोघंही आपापल्या जागी ठाम. तेव्हापासून रिकाम्यांचं काय करायचं ते मी अटीत स्पष्ट लिहितो. शिवाय प्रश्न दिसूनही न भरलेला आणि स्किप लॉजिकमुळे (आधीच्या उत्तरावरून फॉर्मने तो प्रश्न वगळला) दिसलाच नाही, या दोन गोष्टी वेगळ्या, दुसऱ्या गटाला टक्केवारीत धरायचंच नसतं.

बाकीचे खड्डे पटपट सांगतो. 0 ते 10 च्या स्केलवर 'माहीत नाही' साठी 99 कोड ठेवला असेल तर '9 किंवा जास्त' या अटीत तेही खूश ग्राहक म्हणून मोजले जातात, वरची मर्यादा 10 लिहा. एकापेक्षा जास्त पर्यायांची उत्तरं गूगल फॉर्म्स एकाच सेलमध्ये स्वल्पविरामाने टाकतं, तिथे पर्याय आकडी कोडमध्ये (1, 2, 10 असे) असतील आणि तुम्ही 'यात 1 आहे' असं शोधलंत तर 10 आणि 11 वालेही येतात. उपाय म्हणजे स्पेस काढून टाका, सेलच्या दोन्ही टोकांना स्वल्पविराम जोडा आणि मग स्वल्पविराम-1-स्वल्पविराम असं शोधा. तारखेसोबत वेळ असेल तर '31 मार्चपर्यंत' म्हणजे 31 तारीख जिथे सुरू होते त्या मध्यरात्रीपर्यंतच, पूर्ण दिवस गायब, त्यापेक्षा '1 एप्रिलच्या आधी' लिहा.

शेवटी तपासणी, ही टाळू नका. अटी एकेक करून चालू करा आणि प्रत्येक वेळी किती ओळी उरल्या ते लिहून ठेवा, अँड जोडल्यावर आकडा वाढला किंवा ऑर जोडल्यावर कमी झाला तर कंसात गडबड आहे. मग पूर्ण फिल्टर उलटा करून बघा, 45 च्या उलट 55 यायला हवेत, बेरीज 100. समजा उलट फिल्टरने 51 दिले, तर ते 4 जण कुठे गेले? बहुतेक वेळा त्यांनी वय भरलेलं नसतं.