एक भडकू, एक घुम्या: रागावरची लव्हस्टोरी कशी लिहायची

गॅदरिंगला एकांकिका बसवायची असो नाहीतर यूट्यूबवर सिरीज टाकायची असो, उलट्या स्वभावाच्या दोघांचं जमणं हा विषय काही जुना होत नाही, पण बहुतेक जण एकाला रागीट करतात आन दुसऱ्याला संत, मग संत रागीटाला शिकवत बसतो आणि पब्लिक मोबाईल काढतं. दोघांनाही राग येऊ द्या. एकाचा बाहेर पडतो, एकाचा आत साठतो, तेवढ्यावर अख्खी स्टोरी निघते.

समजा ती उदगीरच्या मोंढ्यात वडिलांची आडत सांभाळते, आवाज असा की ती आली की हमाल बिडी विझवतात. तो झेडपीच्या शाळेत मास्तर, कधी कुणाला अरेतुरे केलं नाही, पण बिनसलं की आठवडाभर आईशीबी बोलणार नाही, ताट पुढं आलं की जेवणार आणि उठणार. पहिली भेट सोयाबीनवरून घडवा. ओलाव्याच्या मशीनवर 14 टक्के येतो, ती म्हणते 12 च्या वर कट्टी लागणार, म्हणजे ओलाव्यापायी माल कापून धरणार, आणि हा एक शब्द न बोलता कट्टे परत टेम्पोत भरायला लागतो. ती भडकते ते ह्या गप्प बसण्यावर. "ओ मास्तर, तुमच्याशी बोलायले मी, भिंतीशी नाही!" आणि त्याच्या गाडीची चावी सोयाबीनच्या ढिगात भिरकावते. मग हमाल, मापाडी, मास्तर, चहावाला पोरगा सगळे ढिगात कोपरापर्यंत हात घालून चावी शोधायलेत. हा सीन लांबवा, घाई करू नका.

आता बिचारा मास्तर असं पब्लिकला वाटायच्या आत त्याचाबी राग दाखवा. तो भांडत नाही, फक्त गावातल्या चार जणांना दुसऱ्या आडतीचा रस्ता दाखवतो, आणि पुढच्या हंगामात तिच्या दुकानात त्या गावचा एक कट्टा येत नाही. आता दोघं सारखेच दोषी, आता प्रेम जमू शकतं.

दोघांना एका जागी बसवायला कोर्टानं राग आवरायच्या क्लासला पाठवलं वगैरे नको, ते आपल्याकडं खोटं वाटतं. तंटामुक्ती समिती कशासाठी आहे? 15 ऑगस्ट 2007 ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली आणि गावोगाव अशा समित्या झाल्या, कित्येकींनी तर लव्ह मॅरेजपण लावून दिले, म्हणजे तुमचा शेवटबी त्यातच बसतो. अध्यक्ष एखादे बेरकी आण्णा ठेवा. "रोज सांजच्याला दोघं पारावर बसायचं, नाहीतर मी तुमच्या घरी जेवायला येईन."

पारावर जे उपाय होतात ते खरे असू द्या, आणि आधी फसू द्या, कॉमेडी तिथंच आहे. आण्णा तिला सांगतात, राग आला की बारदान्याची गठडी बडव. ती बडवते आणि अजूनच तापते. हे उगाच नाही, ब्रॅड बुशमन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 2002 मध्ये पंचिंग बॅगचा प्रयोग मांडला होता, ज्यावर चिडलो त्याला आठवत ठोसे मारणाऱ्यांचा राग वाढला, नुसतं बसून राहिलेले त्यांच्यापेक्षा शांत निघाले. राग बाहेर काढला की संपतो हे आपल्याकडं सगळेच सांगतात, म्हणून हा सीन गाजेल.

दुसरा उपाय सुट्टीचा. नवरा-बायकोच्या भांडणांवर काम केलेले जॉन गॉटमन सांगतात की नाडी 100 च्या वर गेली की माणसाला समोरच्याचं नीट ऐकू येत नाही, निदान 20 मिनिटं थांबा. मास्तर थांबतो, पण सांगून जात नाही, तिला वाटतं पळाला. मग नियम ठरतो, उठताना कधी येणार ते सांगायचं. तो बरोब्बर 20 मिनिटांनी येतो, तोवर हिनं मनातल्या मनात त्याला शंभर शिव्या घालून डोकं अजून तापवलेलं. मग तिला कळतं की त्या वेळात भांडण घोळायचं नसतं, भाकरी थापा, शेळी पाजा, काहीबी करा.

मधला वळणाचा सीन हुरड्याला घ्या, थंडी, आगटी, दोन्हीकडचे पाहुणे, कुणीतरी तिच्या आडतीवरून टोमणा मारतो आणि मास्तर पहिल्यांदाच बोलतो, "मला राग आलाय." एवढंच. सगळे हुरडा चोळायचे थांबतात आणि ती हसू दाबायला गूळशेंगदाणे तोंडात कोंबते.

एक पथ्य पाळा. चावी फेकणं चालेल, हात उगारणं नाही, आणि ती नाही म्हणाल्यावर तिच्या दुकानासमोर ताटकळत उभं राहणं तर अजिबात नाही, पाठलागाला प्रेम म्हणून खपवायचे दिवस गेले.

डायलॉग लिहून झाले की मोठ्यानं वाचा. "तू असं का करतेस" वाचताना जीभ पुण्याला जायली असं वाटलं तर "कामून करायलीस असं" करून बघा. शेवटी लग्नाच्या याद्यांच्या बैठकीत मानपानावरून भांडण लावून द्या, ती आवाज चढवायच्या आत मास्तर "20 मिनिटं" म्हणून उठतो, आणि त्याच्या मागं तीबी उठते, दोन्हीकडचे पाहुणे बैठकीत तसेच ताटकळत, जेवण गार.