लंडनमध्ये कम्युनिकेशन्सचं प्रमुखपद मागताना

ब्रिटनमधल्या कंपन्यांत कॉर्पोरेट कम्युनिकेशन्स सांभाळणाऱ्या आपल्या मुली आधी पगारवाढ मागतात, मग पद. रिपोर्टिंग कोणाला, हा मुद्दा राहूनच जातो. क्रम उलटा ठेवा. मार्केटिंगच्या हाताखालचं ‘हेड’ नावापुरतं असतं. निर्णय वरच्या पातळीवर होतात आणि तुमच्या हाती फक्त प्रेस रिलीज लिहिणं उरतं. पहिली मागणी सीईओंना थेट रिपोर्टिंगची आणि एक्झिक्युटिव्ह कमिटीत, म्हणजे कंपनी चालवणाऱ्या वरिष्ठांच्या समितीत, जागेची.

त्याआधी दोन-तीन महिने एक एक्सेल शीट भरा. प्रत्येक मोठ्या प्रसंगाची एक ओळ: तुम्हाला कधी कळवलं, मसुदा कधी गेला, मंजुरी कधी आली, छापून काय आलं. लंडन शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांच्या महत्त्वाच्या घोषणा बहुधा सकाळी ७ वाजता निघतात. तुम्हाला आदल्या रात्री १० वाजता कळलं, तर कर्मचाऱ्यांसाठीचं पत्र, पत्रकारांच्या प्रश्नांची उत्तरं आणि सीईओंचं निवेदन एवढं सगळं ९ तासांत उरकावं लागतं. या कागदांतले आकडे एकमेकांशी जुळेनासे होतात ते इथेच. अशा ओळी समोर ठेवल्या की मेहनतीचं वर्णन करावं लागत नाही. मात्र जिथे काम तुम्ही केलंत तिथे ‘टीमने केलं’ लिहू नका. ही सवय आपल्याला फार महागात पडते.

‘गोपनीयतेमुळे आधी सांगता येत नाही’ हे ठरलेलं उत्तर येईल. शेअरच्या भावावर परिणाम करू शकणारी माहिती कोणाकोणाला आहे, याची इनसायडर लिस्ट नोंदणीकृत कंपनीला कायद्यानेच ठेवावी लागते. त्या यादीत सुरुवातीपासून आपलं नाव घालायला सांगा.

आता पगार. २५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीला स्त्री-पुरुष वेतनातली तफावत दरवर्षी जाहीर करावी लागते. सरकारी संकेतस्थळावर ती कोणालाही पाहता येते. सर्वाधिक पगाराच्या चतुर्थांशात बायका किती, ते आधी बघा. या आकड्यांवरून तुमच्यावर अन्याय झाला हे सिद्ध होत नाही, त्यासाठी त्याच पातळीवरच्या पुरुष सहकाऱ्याचा पगार कळायला हवा. करारात पगार गुप्त ठेवण्याची अट असली, तरी भेदभाव तपासण्यासाठी केलेल्या विचारणेला इक्वॅलिटी ॲक्ट २०१० च्या ७७ व्या कलमाचं संरक्षण आहे.

स्किल्ड वर्कर व्हिसावर (कंपनीच्या स्पॉन्सरशिपवर मिळणाऱ्या नोकरीच्या व्हिसावर) असाल तर बढतीतच एक खाच असते. पीआर (जनसंपर्क) प्रोफेशनलचा सरकारी व्यवसाय-कोड २४९३, कम्युनिकेशन्स डायरेक्टरचा ११३३. कोड बदलला की कंपनीकडून नवीन सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप (व्हिसासाठी कंपनी देते तो दाखला) घेऊन पुन्हा अर्ज करावा लागतो. मंजुरीआधी नवं काम सुरू केलं तर व्हिसाच्या अटी मोडतात. ऑफर लेटरमध्ये ‘मंजुरीनंतर रुजू’ असं लिहून घ्या. तुमच्या अर्जाचा खर्च कोण करणार तेही. इमिग्रेशन स्किल्स चार्ज, म्हणजे परदेशी कर्मचाऱ्याला स्पॉन्सर करण्याचं सरकारी शुल्क, मात्र कंपनीनेच भरायचा असतो, तो तुमच्याकडून वसूल करता येत नाही. आणि दुसरी ऑफर हातात नसताना राजीनाम्याची भाषा करू नका: नोकरी सुटली की नवा स्पॉन्सर शोधायला सहसा ६० दिवसच मिळतात.

मागणी एका पानात मांडा, आणि बैठक संपली की काय ठरलं ते त्याच दिवशी ईमेलने कळवा. नकार आला तर नेमकं काय कमी पडलं आणि पुन्हा विचार कधी, हे लेखी मागा. भेदभावाची शंका असेल तर अ‍ॅकास या नोकरीतल्या वादांवर सल्ला देणाऱ्या सार्वजनिक संस्थेच्या मोफत हेल्पलाइनला लगेच फोन करा, कारण एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनलकडे (नोकरीविषयक न्यायाधिकरणाकडे) जायची मुदत कमी असते आणि कंपनीतली तक्रार चालू आहे म्हणून ती थांबत नाही.